वेदनेची फिर्याद

सन १९४६ मध्ये पॉल ब्रँड नावाचे एक इंग्रज शल्यविशारद वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाले, त्या काळी कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती रोगजंतू मांस कुजवून टाकतात म्हणून, अशी सामान्य जनांची आणि बहुतेक वैद्यांचीही पक्की समजूत होती. ब्रँड यांनी आपल्या रुग्णांची दिनचर्या बारकाईने पाहावयास आरंभ केला, आणि त्यांना आढळले ते निराळेच होते. चुलीवरचे तापलेले भांडे उघड्या हाताने उतरवणारे, पायात रुतलेल्या खिळ्यासह दिवसभर चालत राहणारे, रात्री उंदरांनी बोटे कुरतडली तरी जाग न येणारे रुग्ण त्यांनी पाहिले. गंजलेल्या कुलपात जोराने किल्ली फिरवताना बोटाचे कातडे हाडापर्यंत फाटले तरी ज्याला त्याची वार्ताही नव्हती असा एक पोरही त्यांनी पाहिला. या लोकांचे मांस कुजत नव्हते. ते आपल्या धडधाकट अवयवांची आपल्याच हाताने नासाडी करीत होते, कारण नासाडी चालली आहे ही वर्दी पोहोचवणारे मज्जातंतू रोगाने आधीच निकामी करून टाकले होते.

पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात काम करीत असताना ब्रँड यांनी या उणिवेवर यांत्रिक तोड काढण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाब मोजणारी उपकरणे बसवावी आणि दाब मर्यादेबाहेर गेला की रुग्णाच्या कानात आवाज करावा, अशी ती योजना होती. आवाज होई, रुग्णाला ऐकूही येई. पण हातातले काम अर्धे राहिले असेल तर तो आवाज खुशाल कानाआड करी. मग आवाजाच्या जागी काखेत विजेचा झटका देऊन पाहिले, तेव्हा रुग्ण अवघड काम हाती घेण्यापूर्वी बटण बंद करू लागले. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर हा प्रयोग सोडून द्यावा लागला. त्याच्या अपयशात मात्र वेदनेच्या स्वरूपाचे एक मोठे मर्म हाती लागते: नुसती सूचना पुरेशी नसते, जिच्याकडे दुर्लक्ष करण्याची मोकळीक माणसाला दिलेली नाही अशीच सूचना त्याचे रक्षण करू शकते.

हेच मर्म दुसऱ्या बाजूने सिद्ध करणारी माणसे जगात क्वचित जन्माला येतात. उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांत जन्मतःच वेदना न जाणणारी मुले आढळली. त्यांपैकी एक मुलगा दंडात सुऱ्या खुपसून आणि निखाऱ्यांवरून चालून रस्त्यावर खेळ करीत असे. चौदावा वाढदिवस उजाडण्यापूर्वीच छपरावरून उडी मारल्यामुळे त्याचा अंत झाला. त्याच्या नातलगांच्या रक्ताचा अभ्यास करून २००६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमचे भारित कण आत घेणारी एक सूक्ष्म वाट या मुलांत जनुकदोषामुळे बंद असते. त्यांची बुद्धी शाबूत होती, स्पर्श आणि ऊन-गार यांची जाणीवही शाबूत होती; फक्त वेदनेचा दरवाजा बंद होता, आणि तेवढ्याने ओठ, जीभ, हाडे आणि अखेर आयुष्य धोक्यात आले होते.

वेदनेचा हा दरवाजा शरीरात नेमका कोठे असतो? त्वचेत, स्नायूंत, सांध्यांत, दातांच्या गाभ्यात, हाडांवरील आवरणात अतिशय बारीक मज्जातंतूंची उघडी टोके पसरलेली असतात. स्पर्श आणि दाब जाणणाऱ्या कित्येक तंतूंच्या टोकांना खास रचनेची वेष्टणे असतात, तसे काही येथे नसते. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या टोकांचे कार्य नेमके सांगितले: शरीराला इजा करणारी किंवा इजेच्या बेतात असणारी घटना तेवढी टिपणे. साधारण उबेने ही टोके जागी होत नाहीत. त्वचेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, म्हणजे पेशींना उष्णतेने अपाय होऊ लागतो त्याच सीमेवर, ती जागी होतात. वेदनेचा प्रारंभ आणि इजेचा प्रारंभ यांचा सांधा किती जवळ बसवलेला आहे हे यावरून ध्यानात येईल.

येथून पुढचा कारभार समजून घेण्यासाठी जुन्या अंमलातील एक रीत आठवावी. गावच्या हद्दीत काही आगळीक घडली की पाटलाने वर्दी पाठवावी, ती ठाण्यात दाखल व्हावी, तेथे तातडीचा बंदोबस्त व्हावा, आणि प्रकरणाचा निवाडा मात्र मामलेदाराच्या कचेरीत सर्व बाजू पाहून व्हावा. शरीरात त्वचा हे गाव, पृष्ठरज्जू हे ठाणे आणि मेंदू ही कचेरी. या रचनेतील विशेष असा, की वर्दी घेऊन जाणारे जासूद दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारच्या तंतूंवर चरबीयुक्त आवरणाचा पातळ थर असतो. त्यांना ‘ए-डेल्टा’ तंतू म्हणतात आणि त्यांच्यातून संदेश सेकंदाला सुमारे ६ ते ३० मीटर वेगाने धावतो. दुसऱ्या प्रकारच्या, ‘सी’ नावाच्या तंतूंवर असे आवरण नसते. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर इतका मंद असतो. उंबऱ्याची ठेच लागते तेव्हा या दोन्ही जासुदांची भेट एकामागून एक घडते: प्रथम टोचल्यासारखी, जागा अचूक सांगणारी कळ, आणि सुमारे सेकंदभराने, आता काही नाही असे वाटत असतानाच, जड, जळजळीत, अंगठाभर पसरणारा ठणका. पहिली कळ पाय उचलावयास लावते, दुसरा ठणका तो पाय पुढे काही काळ जपावयास लावतो. पाय उचलण्याचा हुकूम तर ठाण्यातूनच सुटतो. पृष्ठरज्जूच्या पातळीवर स्नायू आखडून अवयव बाजूला होतो, आणि कचेरीला खबर लागते ती त्यानंतर.

ठेच लागून तास उलटला तरी त्या अंगठ्याला पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. दुखावलेल्या जागी पोटॅशियम, हिस्टामिन, ब्रॅडीकिनिन, प्रोस्टाग्लँडिन इत्यादी द्रव्ये बाहेर पडतात. त्यांपैकी काही वेदनेची टोके थेट चेतवतात. प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये त्या टोकांची जागे होण्याची मर्यादा खाली आणतात, त्यामुळे एरवी ज्याची दखल घेतली गेली नसती अशा क्षुल्लक कारणाचीही वर्दी रवाना होऊ लागते. ॲस्पिरिनची गोळी १८९९ पासून बाजारात विकली जात होती. परंतु ती नेमके काय करते हे इंग्रज औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये, म्हणजे सत्तरांहून अधिक वर्षांनी दाखवले. ही गोळी प्रोस्टाग्लँडिनचे उत्पादन थांबवते. या कार्याबद्दल त्यांना १९८२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

ऊन आणि गार यांच्या जाणिवेचे वेदनेशी फार जवळचे नाते आहे. दोहोंचे तंतू बारीक असतात, दोन्ही पृष्ठरज्जूत शिरताच थोड्याच अंतरात मध्यरेषा ओलांडून विरुद्ध बाजूस जातात, आणि तेथून एकाच पट्ट्यातून मेंदूतील थॅलॅमस या केंद्राकडे चढतात. याचा पुरावा रोगांतच मिळतो. पृष्ठरज्जूची एक बाजू तेवढी कापली गेली, तर त्या बाजूचे बळ आणि सूक्ष्म स्पर्शज्ञान जाते, पण वेदना आणि तापमानाची जाणीव जाते ती पलीकडल्या बाजूची. पृष्ठरज्जूच्या गाभ्यात हळूहळू पोकळी निर्माण करणारा एक विकार आहे. त्यातील रुग्णाला कापसाचा हलका स्पर्श समजतो, मात्र हात भाजला तरी समजत नाही. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या त्यातल्या त्यात थंड भागांत, कानाच्या पाळ्या, नाक, बोटे यांत अधिक वाढतात, आणि त्यांच्या चट्ट्यांवर पुष्कळदा सर्वप्रथम नाहीशी होते ती ऊन-गार ओळखण्याची शक्ती. म्हणूनच चट्ट्यावर गरम आणि थंड पाण्याच्या नळ्या आळीपाळीने टेकवण्याची साधी परीक्षा डॉक्टर करीत आले आहेत.

आपली त्वचा तापमान मोजते ही समजूत मात्र थोडी दुरुस्त करून घेतली पाहिजे. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते याचे कौतुक खेड्यात पिढ्यानपिढ्या होत आले आहे. प्रत्यक्षात खोल विहिरीतील पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, बदललेली असते ती आपली त्वचा. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे: एकच पाणी एका हाताला थंड आणि दुसऱ्या हाताला ऊन लागू शकते. त्वचेतील ऊन-गार टिपणारे ग्राहक स्थिर तापमानापेक्षा त्यातील बदलाची दखल अधिक तत्परतेने घेतात. त्वचेचे तापमान साधारण ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान असले की काही वेळाने ऊन किंवा गार यांपैकी कोणतीच जाणीव उरत नाही. त्या पट्ट्याच्या बाहेर मात्र ती टिकून राहते, आणि सुमारे ४५ अंशांच्या वर किंवा १०-१५ अंशांच्या खाली गेल्यावर ती जाणीव वेदनेच्या खात्यात जमा होऊ लागते. बर्फ हातात धरून ठेवला असता थंडपणाच्या पाठोपाठ जी कळ निघते, ती याचीच साक्ष.

१८८० नंतरच्या काही वर्षांत स्वीडनमधील मॅग्नस ब्लिक्स आणि जर्मनीतील आल्फ्रेड गोल्डशायडर यांनी स्वतंत्रपणे असे शोधून काढले, की त्वचा सर्वत्र सारख्याच रीतीने ऊन-गार ओळखीत नाही. बारीक टोकाने चाचपले असता गारव्याचे बिंदू आणि उबेचे बिंदू वेगवेगळे सापडतात, आणि गारव्याचे बिंदू संख्येने कितीतरी पटींनी अधिक असतात. गारव्याच्या बिंदूवर ४५ अंशांचे तापलेले टोक टेकवले तर माणूस चक्क ‘थंड’ असे सांगतो, ही विलक्षण गोष्ट माक्स फॉन फ्राय यांनी १८९५ मध्ये नोंदवली. कढत पाण्यात पाय घालताच क्षणभर अंगावर शहारा येतो तो बहुधा यामुळेच. त्यापुढच्याच वर्षी टॉर्स्टेन थुनबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने कोमट आणि गार पट्ट्या एकाआड एक मांडून त्यांवर हात ठेवावयास लावला. एकही पट्टी भाजण्याइतकी तापलेली नव्हती, तरी हाताची आग आग झाली. थंडपणाचा संदेश एरवी वेदनेच्या संदेशाला आवर घालीत असतो, आणि शेजारच्या उबेने तो थंडपणा दुबळा केला म्हणजे दडपलेली आग उघडी पडते, अशी याची एक उपपत्ती दिली जाते. फिर्याद खरी की खोटी हे गावच्या स्थितीवरून ठरत नाही, याचा हा पहिला इशारा होय.

दुसरा इशारा आपल्या जेवणाच्या ताटातच आहे. मिरची ही मुळात अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आणि आज तिच्यावाचून मराठी स्वयंपाकघराची कल्पनाही करवत नाही. ठेच्याचा घास घेतला की तोंडाची आग होते, कपाळावर घाम फुटतो, नाक वाहू लागते. पण तोंडाचे तापमान मोजले तर ते होते तेवढेच असते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य नेमके करते तरी काय, याचा उलगडा सॅन फ्रान्सिस्को येथील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये केला. वेदनेच्या टोकांवर एक प्रथिन असते, ज्याचे सूक्ष्म द्वार सुमारे ४३ अंशांच्या वर तापमान गेले की उघडते; कॅप्सेसिन हे त्याच द्वाराला चिकटते आणि उष्णता नसतानाही ते उघडून देते. मेंदूपुढे जी वर्दी जाते ती हुबेहूब भाजल्याची असते, आणि मेंदू त्या वर्दीवर विश्वासून घाम आणण्याचा हुकूम सोडतो. पक्ष्यांच्या शरीरातील हेच द्वार कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणून पोपट मिरच्या खुशाल खातो आणि तिच्या बिया दूरवर पसरवतो. मिरचीने पोळलेल्या तोंडावर पाण्याचा इलाज चालत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही मात्र उपयोगी पडते, हे आपल्या घरांतील जुने शहाणपण रसायनशास्त्राच्या कसोटीस उतरले आहे. पुदिन्यातील मेंथॉल याच्या उलट बाजूने हीच युक्ती करते: गारवा जाणणारे एक निराळे प्रथिन ते उघडते. त्याचा शोध २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांच्या गटांनी वेगवेगळा लावला, आणि २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांना तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांच्या शोधासाठी विभागून देण्यात आले. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या चिवट दाहावर कॅप्सेसिनचाच लेप कित्येकदा दिला जातो. वारंवार चेतवली गेलेली टोके अखेर थकून गप्प बसतात, हा त्यामागील विचार.

तापातील हुडहुडीही याच प्रकरणातील. अंगाला हात लावावा तो पोळतो, आणि रोगी मात्र दोन पांघरुणांखाली कुडकुडत असतो, हे दृश्य वरवर विसंगत वाटते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा जो भाग आहे, तो शरीराचे तापमान किती असावे हे ठरवतो. जंतुसंसर्गात तेथे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊन ठरावीक आकडा ३७ वरून समजा ३९ अंशांवर चढवला जातो. तेवढी उष्णता जमेपर्यंत ३८ अंशांचे शरीरही कचेरीच्या हिशेबात थंडच ठरते, आणि ती थंडी रोग्याला खरोखरच वाजते. तापाची गोळी तो आकडा पूर्ववत करते, मग जास्तीची उष्णता बाहेर टाकण्यासाठी घाम सुटतो. एकच गोळी ताप आणि अंगदुखी या दोन्ही तक्रारींवर का चालते, याचेही उत्तर बव्हंशी यातच आले.

आता खुद्द कचेरीकडे वळू. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या मरणोत्तर, १६६४ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय नेणाऱ्या मनुष्याचे एक चित्र आहे. पायाला लागलेली आच एका धाग्याने थेट मेंदूपर्यंत खेचली जाते अशी त्याची कल्पना होती. जितकी इजा तितकी वेदना, असा हा सरळ हिशेब जवळजवळ तीनशे वर्षे टिकला. त्याला मोठा तडा गेला दुसऱ्या महायुद्धात. इटलीतील आघाडीवर अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांना असे आढळले, की भयंकर जखमा झालेल्या सैनिकांपैकी बहुसंख्य पुरेसे शुद्धीवर असूनही वेदनाशामक औषध मागत नव्हते. मुलकी जीवनात त्याहून लहान शस्त्रक्रिया झालेले रोगी मात्र ते आग्रहाने मागत. सैनिकाच्या दृष्टीने ती जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटल्याचा परवाना होता, असे बीचर यांचे अनुमान. तीच फिर्याद दोन निराळ्या परिस्थितींत दाखल झाली आणि निवाडे निराळे झाले.

हे कसे घडते याची पहिली समर्थ उपपत्ती रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली. पृष्ठरज्जूत वेदनेच्या वाटेवर एक फाटक आहे, असे ते म्हणतात. स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू ते बंद करू पाहतात, बारीक तंतू ते उघडू पाहतात, आणि मेंदूकडून खाली येणारे हुकूमही त्याच फाटकावर चालतात. त्यांच्या आराखड्यातील तपशील पुढे बदलले, पण मूळ विचार टिकला. गुडघा आपटला की आपण तो नकळत चोळतो, लेकराच्या लागलेल्या जागी आई हात फिरवते, यात सांत्वनाखेरीज स्पर्शतंतूंना कामाला लावण्याचाही भाग आहे. मेंदूकडून येणाऱ्या हुकुमांचे द्रव्यही लवकरच सापडले. अफूतील मॉर्फीन ज्यांच्यावर कार्य करते ते ग्राहक १९७३ मध्ये मेंदूत आढळले, आणि दोनच वर्षांनी स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतःच बनवीत असलेले अफूसारखे द्रव्य, एन्केफॅलिन, वेगळे केले. पुढे १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरील प्रयोगात असे दिसले, की निव्वळ औषध मिळाले या विश्वासाने ज्यांची वेदना उतरली होती, त्यांना अफूचा प्रभाव नष्ट करणारे औषध देताच ती पुन्हा वाढली. विश्वासाने पडणारा आराम कल्पनेतला नसतो. त्यामागे खरी द्रव्ये असतात.

निवाड्यात चुका होतात त्याही बोधप्रद आहेत. हृदयाला रक्त कमी पडते तेव्हा पुष्कळांचा डावा हात दुखतो. आंत्रपुच्छाची सूज प्रथम बेंबीभोवती जाणवते. छाती आणि पोट यांमधील पडद्याला त्रास झाला तर खांदा दुखतो. गर्भावस्थेत हे अवयव ज्या पातळीवर घडतात, त्याच पातळीच्या त्वचेचे आणि त्यांचे तंतू पृष्ठरज्जूत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मेंदूला त्वचेकडून आलेल्या वर्द्यांची आयुष्यभराची सवय असते. म्हणून हृदयाची फिर्याद तो हाताच्या नावावर नोंदवतो.

या सर्व प्रकरणांत सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण म्हणजे डोकेदुखी. ज्या मेंदूत सगळ्या शरीराच्या वेदनेचा निवाडा होतो, त्या मेंदूच्या स्वतःच्या ऊतीत वेदनेची टोके नाहीत. माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड हे रुग्ण जागा असताना, कवटी उघडून, मेंदूच्या निरनिराळ्या भागांना विजेच्या सौम्य प्रवाहाने स्पर्श करीत आणि रुग्णाशी बोलत शस्त्रक्रिया करू शकत, ते यामुळेच. मग डोके दुखते ते नेमके काय? न्यूयॉर्कमधील ब्रॉन्सन रे आणि हॅरल्ड वुल्फ यांनी अशाच जागृत रुग्णांच्या डोक्यातील एकेक रचना तपासून १९४० मध्ये याचा नकाशा प्रसिद्ध केला. मेंदूवरील आवरणाचे काही भाग, विशेषतः तळाकडचे; त्या आवरणातील धमन्या; रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरा; आणि कवटीबाहेरील कातडी, स्नायू व रक्तवाहिन्या, एवढी स्थळे वेदना जाणतात. कवटीच्या वरच्या व पुढच्या भागातील फिर्यादी ट्रायजेमिनल नावाच्या चेहऱ्याच्या मोठ्या मज्जातंतूतून जातात, म्हणून त्या कपाळ, डोळा, कानशील येथे जाणवतात. मागच्या, खालच्या भागातील फिर्यादी मानेच्या वरच्या तंतूंतून जातात आणि डोक्याच्या पाठीमागे जाणवतात.

मेंदू सुमारे १,४०० ग्रॅम वजनाचा. पण तो कवटीतील द्रवात तरंगत असल्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम इतकाच भासतो. हा द्रव कमी झाला तर काय होते याचा प्रत्यय जर्मन शल्यविशारद आउगुस्ट बीर यांनी १८९८ मध्ये स्वतःच्या शरीरावर घेतला. पाठीच्या कण्यात कोकेन टोचून शरीराचा खालचा भाग बधिर करता येतो हे त्यांनी सिद्ध केले, आणि तो प्रयोग स्वतःवर करताना बराच द्रव गळून गेला. पुढे कित्येक दिवस उभे राहिले की त्यांचे डोके असह्य दुखे आणि आडवे झाले की थांबे. आधार सुटलेल्या मेंदूचा ताण आवरणांवर आणि शिरांवर पडत होता. कण्यात सुई टोचल्यानंतर येणारी डोकेदुखी आजही याच लक्षणावरून ओळखली जाते.

बहुसंख्य लोकांची नित्याची डोकेदुखी मात्र याहून सौम्य, पट्टा आवळल्यासारखी, दोन्ही बाजूंना सारखी असते. तिच्यात ताण, अपुरी झोप, उपास, मान आणि टाळूचे आखडलेले स्नायू यांचा वाटा असतो. अर्धशिशीची जात वेगळी. सुश्रुताने शिरोरोगांत सूर्यावर्त आणि अर्धावभेदक यांची स्वतंत्र गणना केली आहे, इतका हा विकार प्राचीनांच्या परिचयाचा होता. डोक्याची एक बाजू ठणकणे, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणे, हालचालीने दुखणे वाढणे, अशी त्याची लक्षणे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो. काही रुग्णांना आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात. कार्ल लॅश्ली या मानसशास्त्रज्ञाला स्वतःलाच हा त्रास होता. त्याने त्या रेषांची दृष्टिक्षेत्रातील वाटचाल रेखाटून १९४१ मध्ये असा हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर गतीने सरकत असले पाहिजे. तीनच वर्षांनी ब्राझीलचे आरिस्तिदीस लेयाँ यांनी सशाच्या मेंदूवर नेमक्या त्याच मंद गतीने पसरणारी निष्क्रियतेची लाट नोंदवली. या दोन नोंदी एकाच घटनेच्या आहेत, हे आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. वुल्फ यांच्या मते सारा दोष फुगणाऱ्या रक्तवाहिन्यांचा होता. आज अर्धशिशी हा मूलतः मेंदू आणि ट्रायजेमिनल तंतू यांचा विकार मानला जातो, आणि त्या तंतूंतून स्रवणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाला अडवणारी औषधे उपलब्ध झाली आहेत.

घरोघरी कपाळावर लावला जाणारा सुंठीचा लेप आणि पुदिन्याच्या अर्काचे मलम यांना या ज्ञानाच्या प्रकाशात एक अर्थ प्राप्त होतो. सुंठीतील तिखट द्रव्य मिरचीप्रमाणेच उष्णतेचे द्वार उघडते, मेंथॉल गारव्याचे. दोन्ही वेदनेच्या वाटेवर दुसरी वर्दी पाठवतात. रोगाच्या मुळाशी ते जात नाहीत, पण अपायही करीत नाहीत. गोळ्यांविषयी तसे म्हणता येत नाही. महिन्यातून दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस, महिनोन्‌महिने, डोकेदुखीची गोळी घेत राहिल्यास ती गोळीच डोकेदुखीचे कारण बनते. आणि काही डोकेदुख्या गोळीवर भागवण्याच्या नसतातच: क्षणात शिगेला पोहोचणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी, तापासह मान ताठरणारी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, डोक्याला मार लागल्यानंतरची, हातापायांतील बळ, वाचा किंवा दृष्टी यांवर परिणाम करणारी. अशा वेळी विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे.

कित्येकदा मात्र गावात शांतता नांदू लागते आणि कचेरीतील तगादा संपत नाही. जखम भरते, हाड सांधते, महिने लोटतात, तरी वेदना चालूच राहते. पुनःपुन्हा वर्द्या आल्याने पृष्ठरज्जू आणि मेंदू यांच्यातील पेशी इतक्या हळव्या झालेल्या असतात, की लहानशा कारणाने किंवा कारणावाचूनही त्या फिर्याद नोंदवत राहतात. अशा रुग्णाचे क्ष-किरण चित्र निर्दोष येते, आणि घरचे लोक, कधीकधी डॉक्टरही, त्याला मनाचे खेळ म्हणून निकालात काढतात. याहून मोठी चूक नाही. वेदना ही जखमेत कधीच नव्हती. ती निवाड्यात होती, आणि निवाडा रुग्णाच्या मेंदूतच होतो. क्ष-किरण गावचा पंचनामा करू शकतो, कचेरीतील निकाल वाचू शकत नाही.

ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्या बाबतीत तर वैद्यकशास्त्राने ही चूक फार काळ केली. नवजात अर्भकांची मज्जासंस्था अपक्व असते, म्हणून त्यांना वेदना कळत नाही, अशा समजुतीने विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणी त्यांच्यावर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया केल्या जात होत्या. इंदूरला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कन्वलजीत आनंद यांनी सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये दाखवून दिले, की चांगली भूल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि त्यांची प्रकृती नंतरही अधिक सुस्थिर राहते. त्यानंतर ती प्रथा मागे पडत गेली. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा दोन गोष्टी स्पष्टपणे नमूद केल्या: आपणास दुखते असे कोणी सांगत असेल तर त्याचा मान राखावा, आणि सांगता येत नाही म्हणजे दुखत नाही असे समजू नये. शरीरक्रियाशास्त्राने दीर्घ तपास करून जे प्रस्थापित केले आहे, त्याचा व्यवहारातील निष्कर्ष हाच आहे. दुखण्याचे कारण शोधणे हे डॉक्टरचे काम, आणि त्याला वेळ लागो; परंतु फिर्याद खरी धरून कामाला लागणे हे त्याच्याही आधीचे काम, आणि ते घरातल्या प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.